मित्राच्या कर्जाला जामीन राहताय? सहीच्या आधी, सहीनंतर आणि नोटीस आल्यावर काय करायचं

जामीन राहायला बहुतेक लोक हो म्हणतात ते नाही म्हणायला जड जातं म्हणून. कर्जाची रक्कम किती, व्याज किती, मित्राची आधीची कर्जं किती यातलं काही माहिती नसतं, मित्र फोन करतो की अरे सगळं झालंय, फक्त जामीनदाराची सही राहिलीय, पाच मिनिटं येऊन जा. आपण जातो, साहेब पानं उलटत जातात, जिथे पेन्सिलने फुली केलेली असते तिथे आपण सही करत जातो, आणि बाहेर येईपर्यंत दहाबारा सह्या झालेल्या असतात ज्यातली एकही ओळ आपण वाचलेली नसते. हा लेख त्या दहाबारा सह्यांबद्दल आहे. माझं मत आधीच सांगतो, जामीन राहूच नका असं मी म्हणत नाही, अडचणीच्या वेळी माणसाने माणसासाठी उभं राहायलाच पाहिजे. पण जे कर्ज उद्या पूर्णच्या पूर्ण तुम्हाला फेडावं लागलं तर तुमचं घर हलेल अशा कर्जावर सही करू नका, मग मित्र कितीही सज्जन असो.

आधी कायदा काय म्हणतो ते समजून घ्या

खूप जणांना वाटतं की बँक आधी मित्राच्या मागे लागेल, त्याचं घर, गाडी, दुकान विकेल आणि तरी काही उरलंच तर मग आपल्याकडे येईल. असं नाहीये. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं काही लिहिलेलं असेल तरच ती कमी होते. सुप्रीम कोर्टाने १९६९ मध्ये बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या केसमध्ये स्पष्टच केलं की कर्जदाराकडून वसुलीचे सगळे प्रयत्न संपेपर्यंत थांबायला बँक बांधील नाही, ती थेट जामीनदारावर जाऊ शकते. आणि व्यवहारात तसंच होतं, कारण धंदा बुडालेल्या माणसाकडून वसूल करण्यापेक्षा दर महिन्याला पगार जमा होणाऱ्या माणसाकडून वसूल करणं सोपं असतं.

दोन जामीनदार असले की अर्धं अर्धं होतं हाही गैरसमज आहे. बँकेला हवं तर ती सगळी रक्कम एकाकडूनच मागू शकते. तुम्ही नंतर दुसऱ्या जामीनदाराकडून त्याचा वाटा मागू शकता, कलम १४६ तो हक्क देतं, पण ते तुमचं आणि त्याचं भांडण, बँकेचा त्याच्याशी संबंध नाही.

मित्र वारला तरी जामीन सुटत नाही. तुम्ही गेलात तर तोपर्यंत झालेल्या कर्जाची जबाबदारी तुमच्या मागे ठेवलेल्या मालमत्तेवर राहते, म्हणजे वारसांना जे मिळालं असेल तेवढ्यापुरतं त्यांच्याकडून वसूल होऊ शकतं. हे बायकोला किंवा नवऱ्याला माहिती नसणं फार वाईट, म्हणून सहीच्या आधी घरात सांगाच. घरात सांगायची हिंमत होत नसेल तर त्या सहीबद्दल आपल्यालाच खात्री नाहीये असं समजा.

पायरी १ : रक्कम आपल्या खिशाला लावून बघा

कागद घ्या आणि हिशोब करा. समजा मित्राने ८ लाख घेतले, १३ टक्के व्याज, ५ वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण १८,२०० बसतो. दीड वर्ष त्याने नियमित हप्ते भरले आणि मग बंद केले. आपल्याला वाटतं दीड वर्ष भरलं म्हणजे बरंच फिटलं असेल, पण सुरुवातीच्या हप्त्यांमध्ये व्याजाचा भाग नंतरच्या हप्त्यांपेक्षा मोठा असतो, त्यामुळे १८ हप्ते भरूनही मुद्दल जवळपास ६ लाख १२ हजार बाकी असते. पुढे वर्षभर कोणीच काही भरलं नाही तर नुसत्या व्याजाने ते ७ लाखांच्या जवळ जातं, दंड, वकिलाची फी, वसुलीचा खर्च वेगळा. आता स्वतःला विचारा, हे सात लाख किंवा दर महिना १८,२०० पुढची साडेतीन वर्षं, मी देऊ शकतो का? मुलांची फी, आईवडिलांचं औषधपाणी, स्वतःचे हप्ते चालू ठेवून? उत्तर नाही असेल तर पुढच्या पायऱ्या वाचायची गरजच नाही, थेट नकार कसा द्यायचा ते खाली दिलंय तिकडे जा.

अजून एक गोष्ट जी लोक विसरतात. तुम्ही जामीन असलेलं कर्ज तुमच्याही क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जांच्या आणि हप्त्यांच्या नोंदीत, दिसतं. मित्र नियमित भरत असला तरी उद्या तुम्ही घरासाठी लोन मागायला गेलात की बँक म्हणू शकते तुमच्यावर आधीच एवढ्याची जबाबदारी आहे, तुम्हाला कमी लोन मिळेल. आणि त्याने थकवलं तर तुमचा सिबिल स्कोअर, म्हणजे त्या नोंदीवरून मिळणारे गुण, त्याच्यासोबत खाली जातो, तुम्ही एक रुपयाही घेतलेला नसताना. येत्या दोनतीन वर्षांत स्वतःचं घर घ्यायचं ठरवलं असेल तर मी म्हणेन जामीन राहू नकाच.

पायरी २ : मित्राची चौकशी, आणि त्यात लाज कसली

मित्राला थेट विचारायचं, आधीची कर्जं किती चालू आहेत, महिन्याला हप्त्यांत किती जातात, हे पैसे नक्की कशासाठी, आणि हप्ता कुठल्या उत्पन्नातून भरणार. त्याचा स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट दाखवायला सांगा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्या प्रत्येक माणसाला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात, त्यामुळे "त्याला पैसे लागतात" हे कारण चालत नाही. जो माणूस तुमच्याकडून सात आठ लाखांची जबाबदारी मागतोय त्याला दहा मिनिटं रिपोर्ट उघडून दाखवायला जड जात असेल तर ते उत्तर पुरेसं आहे.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती जुनी देणी फेडायला नवं कर्ज घेणाऱ्याची. हॉस्पिटलचा खर्च, मुलीचं शिक्षण, चालत्या धंद्यात मशीन घेणं हे वेगळं. पण तीन ॲपवरचं लोन आणि दोन क्रेडिट कार्डं बंद करायला हे लोन घेतोय असं असेल तर सहा महिन्यांत ती कार्डं पुन्हा भरतात आणि हे लोनही डोक्यावर राहतं, असं खूपदा होतं.

मित्राच्या घरचे जामीन का राहत नाहीत हेही विचारा. सख्खा भाऊ नोकरीत आहे आणि तो सही करत नाही तर त्याला काहीतरी माहिती आहे जे तुम्हाला नाही. कदाचित कारण साधं असेल, पण विचारल्याशिवाय कळणार नाही.

पायरी ३ : कागद घरी आणून वाचा

ही पायरी मी सगळ्यात महत्त्वाची मानतो. जामीनपत्राची कॉपी एक दिवस आधी मागा, फोटो काढून पाठवायला सांगितलं तरी चालेल. त्यात हे शोधा.

रकमेची जागा कोरी आहे का. कोरी असेल तर आकडा अक्षरात आणि अंकात भरल्याशिवाय सही नाही. तारीख, कर्ज खाते नंबर, कर्जाचा प्रकार, सगळं भरलेलं हवं. कोऱ्या छापील फॉर्मवर "नंतर भरतो" म्हणून घेतलेली सही हे पुढच्या निम्म्या भांडणांचं मूळ असतं.

"चालू हमी" किंवा "निरंतर हमी" असा शब्द आहे का. मित्राचं कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्ट (ठरलेल्या मर्यादेपर्यंत पुन्हा पुन्हा पैसे उचलायचं खातं) असेल तर हा शब्द हमखास असतो आणि त्याचा अर्थ असा की आजचे पैसे फिटले तरी उद्या त्याच खात्यावर उचललेल्या पैशांनाही तुम्ही जामीन. अशी हमी कलम १३० प्रमाणे बँकेला लेखी नोटीस देऊन पुढच्या व्यवहारांपुरती थांबवता येते, पण नोटीस देईपर्यंत जे उचललंय ते तुमच्या डोक्यावर राहतं. साध्या मुदत कर्जाचे पैसे एकदा दिले गेले की मग मागे फिरता येत नाही, जामिनाचं पत्र परत घेतो म्हणून अर्ज केला तरी उपयोग होत नाही.

तिसरी गोष्ट, हक्क सोडल्याचं कलम. करार कायद्यात जामीनदाराच्या बाजूची काही चांगली कलमं आहेत. तुमच्या संमतीशिवाय बँक आणि कर्जदाराने कराराच्या अटी बदलल्या तर त्यानंतरच्या व्यवहारातून तुम्ही सुटता हे कलम १३३, तुम्हाला न विचारता मित्राला मुदत वाढवून द्यायचा करार केला तर सुटता हे १३५, बँकेने तारण हातचं घालवलं तर तेवढ्या किमतीपुरते सुटता हे १४१. पण बहुतेक छापील जामीनपत्रांमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की जामीनदार हे हक्क सोडून देतो. छापील फॉर्म बँक तुमच्यासाठी बदलेल अशी आशा कमी, पण निदान हे वाचलेलं असलं की कळतं आपण काय सोडून देतोय. आणि बँक नुसती गप्प बसली, मित्राच्या मागे लागली नाही, एवढ्यावरून तुम्ही सुटत नाही, ते कलम १३७.

आणि कोरे चेक. जामीनदाराकडून दोन तीन सही केलेले कोरे चेक मागायची पद्धत आहे, विशेषतः छोट्या फायनान्स कंपन्या आणि पतसंस्थांमध्ये. देऊ नका. चेक परत गेला तर कलम १३८ ची (हे करार कायद्याचं नाही, चेकच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं) फौजदारी केस लागते, आणि जामीनदाराने दिलेल्या चेकलाही हे कलम लागू होतं असं सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये सांगितलंय. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. द्यावाच लागला तर रक्कम, तारीख, नाव सगळं भरून, मागच्या बाजूला कर्ज खाते नंबर लिहून, आणि दिल्याची पोच घेऊन.

पगारातून कपातीचं संमतीपत्र हेही असंच. कोर्टाच्या हुकमाने पगार जप्त होतो तेव्हा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० चं संरक्षण असतं, पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश तुमच्याकडे राहतात, पीएफलाही हात लावता येत नाही. पण तुम्ही स्वतःच ऑफिसला लिहून दिलंय की कापा, मग कोर्टाची वाट बघायची गरजच राहत नाही.

पायरी ४ : अटी घालून जामीन राहा

हे शक्य आहे हे लोकांना माहितीच नसतं. बँकेला विचारा की जामीन ठराविक रकमेपुरता घेता येईल का, म्हणजे ८ लाखांचं कर्ज पण माझी जबाबदारी ३ लाखांपर्यंतच. किंवा निम्मं कर्ज फिटलं की मला मोकळं करा. करारात लिहिलं तर ते कायद्याने चालतं. बँक नाही म्हणाली तर निदान दुसरा जामीनदार मित्राच्या घरातला असू दे, आणि मित्राने कर्जाएवढा विमा काढलेला असू दे म्हणजे त्याचं काही बरंवाईट झालं तर कर्ज विम्यातून फिटेल. हे विमा प्रकरण बोलायला अवघड वाटतं पण बोला.

मित्राकडून वेगळं एक पत्र घ्या, स्टॅम्प पेपरवर, की माझ्या या कर्जापोटी तुला जे काही भरावं लागेल ते मी व्याजासकट तुला परत देईन. कायदा तसंही कलम १४५ मध्ये ही जबाबदारी त्याच्यावर टाकतोच, पण लेखी असलं की उद्या "मी कुठे म्हणालो होतो" हा प्रश्न येत नाही. "अरे, आपल्यात कागद कशाला" असं तो म्हणाला तर सांगा, बँकेत मी तुझ्यासाठी कागदावरच सही करतोय ना, मग तू माझ्यासाठी एक कर.

नकार द्यायचा असेल तर

गोल गोल बोलू नका. "बघतो", "पुढच्या आठवड्यात सांगतो" यात मित्राचा वेळ जातो आणि तो तुमच्या भरवशावर दुसरीकडे विचारत नाही, हे जास्त वाईट. सरळ सांगा, "हे बघ, एवढ्या रकमेची जबाबदारी मला झेपणारी नाही, मी सही करणार नाही. पण मी स्वतःकडचे तीस हजार तुला देऊ शकतो, जमेल तेव्हा दे." जी रक्कम परत आली नाही तरी मैत्री तुटणार नाही तेवढीच द्या. सोबत पर्याय सुचवा, सोन्यावरचं लोन, एफडीवर किंवा विमा पॉलिसीवर लोन, यांना सहसा जामीनदार लागत नाही आणि व्याजही पर्सनल लोनपेक्षा बऱ्याचदा कमी असतं. दोन महिने तो तुमच्याशी नीट बोलणार नाही. बोलेल नंतर.

पायरी ५ : सही केल्यानंतर लक्ष ठेवा

मंजुरी पत्र, जामीनपत्र आणि हप्त्यांचं वेळापत्रक या तीन कागदांच्या कॉपी त्याच दिवशी घ्या. बँकेला लेखी अर्ज द्या की हप्ता थकला तर मला या नंबरवर आणि मेलवर कळवा, अर्जावर शिक्का आणि तारीख घ्या. पत्ता बदलला की बँकेला कळवा, नाहीतर नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि एकतर्फी निकाल लागतो. दर तीन महिन्यांनी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट बघा, चार कंपन्यांचे फुकट रिपोर्ट आलटून पालटून बघितले तर वर्षभर पुरतात, आणि त्यात ते खातं किती दिवस थकलंय ते दिसतं. मित्र सांगत नाही ते रिपोर्ट सांगतो.

टॉप-अप, नूतनीकरण, "फक्त फॉर्मॅलिटी आहे" असं म्हणून परत सहीला बोलावलं तर ते नवं कर्ज समजून पायरी १ पासून सुरू करा.

पायरी ६ : पहिला हप्ता चुकला

९० दिवस थकलं की खातं एनपीए होतं (बँक ते थकीत कर्जांत धरते), म्हणजे तुमच्या हातात तेवढाच वेळ आहे, त्यात हालचाल करा. मित्राला भेटा, ओरडू नका, त्याची खरी परिस्थिती काढून घ्या, आणि दोघं मिळून बँकेत जा. हप्ता कमी करून मुदत वाढवणं हे एनपीएच्या आधी जास्त सहज होतं. एखाद दुसरा हप्ता तुम्ही भरायचा ठरवलात तर पैसे मित्राच्या हातात देऊ नका, थेट कर्ज खात्यात भरा आणि पावतीवर जामीनदार म्हणून भरले असं लिहून घ्या. मित्राला लगेच मेसेज टाका की तुझ्या कर्जाचा या महिन्याचा हप्ता मी भरला, इतके रुपये. त्याने "हो, देतो" एवढं उत्तर दिलं तरी तो पुरावा आहे.

तुमचं बचत खातं त्याच बँकेत असेल तर जामीनपत्रात बहुधा लिहिलेलं असतं की थकबाकी तुमच्या खात्यातून वळती करता येईल. पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत असलेलं बरं, आणि हा विचार सहीच्या आधीच करायचा.

पायरी ७ : नोटीस आली

घ्या. पोस्टमनला परत पाठवल्याने नोटीस टळत नाही. पाकीट जपून ठेवा, मिळाल्याची तारीख लिहा आणि त्याच आठवड्यात वकील गाठा, कारण इथून पुढे सगळं मुदतीवर चालतं.

बँकेने सरफेसी कायदा २००२ (कोर्टात न जाता तारण मालमत्तेचा ताबा घेऊ देणारा कायदा) खाली नोटीस दिली असेल (तुमच्या मालमत्तेवर ही कारवाई तुम्ही ती तारण दिली असेल तरच होते) तर ६० दिवस मिळतात. त्या ६० दिवसांत लेखी हरकत घ्या, बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुढे ताबा घ्यायची कारवाई झाली तर ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाता येतं. सहकारी बँकाही हा कायदा वापरू शकतात असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये ठरवलंय. शेतजमीन मात्र या कायद्यातून वगळलेली आहे.

महाराष्ट्रात पतसंस्थेचं कर्ज असेल तर गोष्ट अजून वेगाने चालते. सहकार कायदा १९६० च्या कलम १०१ खाली सहकार खात्याच्या निबंधकाकडून वसुली दाखला निघतो, आणि त्यात जामीनदाराचंही नाव असतं. सुनावणीच्या तारखेला हजर राहाच, खात्याचा पूर्ण उतारा मागा, भरलेले हप्ते जमा धरलेत का, व्याज करारापेक्षा जास्त लावलंय का, कर्ज तुमच्या सहीशिवाय वाढवलंय का हे तिथेच लेखी मांडा. कारण एकदा दाखला निघाला की त्याविरुद्ध रिव्हिजनला (फेरतपासणीला) जायचं तर वसुलीच्या रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात, आणि दुसरीकडे वसुली अधिकारी जप्तीला निघालेला असतो.

वसुलीवाले घरी येऊन शिव्या देत असतील, ऑफिसात सहकाऱ्यांसमोर बोलत असतील तर ते सहन करायची गरज नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँक आणि फायनान्स कंपनीच्या माणसांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायचे नसतात, धमकी तर कधीच नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. कर्ज मोठं असेल, २५ लाख किंवा त्याहून जास्त, तर अजून एक धोका आहे, ऐपत असूनही जामीनदार पैसे भरत नाही असं दिसलं तर त्यालाही हेतुपुरस्सर थकबाकीदार ठरवता येतं.

तडजोड करायची तर एकरकमी परतफेडीत जामीनदारही थेट बोलू शकतो, मित्राची वाट बघायची गरज नाही. पैसे भरायच्या आधी पत्र घ्या आणि त्यात तुमचं नाव लिहून "जामीनदाराची जबाबदारी पूर्ण संपली" हे वाक्य आहे का बघा. नुसतं कर्जदाराचं नाव असलेलं पत्र घेऊन पैसे भरू नका.

पायरी ८ : भरलेले पैसे मित्राकडून परत

तुम्ही फेडलंत की कलम १४० प्रमाणे बँकेची जागा तुम्हाला मिळते, म्हणजे मित्राने बँकेकडे गाडी किंवा सोनं तारण ठेवलं असेल तर त्यावर तुमचा हक्क लागतो. बँकेला लेखी मागा की ते तारण आणि त्याचे कागद माझ्याकडे द्या, मित्राच्या हातात जाऊ देऊ नका. दिवाणी दाव्याची मुदत ३ वर्षं असते, तुम्ही पैसे भरल्यापासून. मित्र आज देतो उद्या देतो करत राहतो आणि आपण मैत्रीखातर थांबत राहतो, तेवढ्यात मुदत जाते. म्हणून थांबायचं असेल तरी थांबा, पण त्याच्याकडून सही केलेली लेखी कबुली मुदतीच्या आत घ्या, ज्यात रक्कम आहे, तारीख आहे. त्या दिवसापासून ३ वर्षं नव्याने मोजली जातात.

कर्ज नीट फिटलं तर

मित्राने सगळं फेडलं, आनंद आहे, पण फाईल तुमची अजून बंद झालेली नाही. थकबाकी नसल्याचा दाखला मित्राला मिळतो, तुम्ही वेगळं जामीनमुक्तीचं पत्र मागा. मालमत्तेचे कागद तारण दिले असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे व्यक्तिगत कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत ते परत मिळाले पाहिजेत, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५००० रुपये भरपाई आहे. दिलेले चेक परत घ्या, ऑफिसला दिलेलं पगारकपातीचं पत्र रद्द करून घ्या, आणि दोन महिन्यांनी रिपोर्ट उघडून बघा की ते खातं तुमच्या नावापुढे बंद दिसतंय का. अजून चालू दिसत असेल तर जामीनमुक्तीचं पत्र जोडून त्या क्रेडिट कंपनीकडे ऑनलाइन तक्रार टाका आणि बँकेलाही त्याच दिवशी मेल करा.